नव्वद दिवसांचा कान

मिरजेच्या श्रवणशाळेत एक खोली अशी होती, की तिच्यात बाहेरचा कुठलाही आवाज शिरत नसे. त्या खोलीत शाहीन शिकलगार तंबोरा घेऊन बसल्या होत्या आणि काचेपलीकडे डॉ. मृण्मयी हळबे पडद्यावर उमटणाऱ्या रेषा बघत होत्या. सन २०६८ मधला फेब्रुवारी महिना चालू होता. शाहीनआपांच्या कानातला श्रुतिरोप सुरू करून त्या दिवशी अकरा दिवस झाले होते.

आपांनी जोडाची तार छेडली. टण्‌ असा आवाज आला, दोन-तीन सेकंद राहिला आणि विझला. तार मात्र अजून थरथरत होती. बोटाच्या पेराला ती थरथर लागत होती. त्यांनी पुन्हा छेडली. पुन्हा तेच झालं.

"डॉक्टरबाई," त्या म्हणाल्या, "तार चालू हाय आन्‌ आवाज बंद हाय. माझा कान बिघडलाय की तुमचं यंत्र?"

"दोन्ही ठणठणीत आहेत," हळबे आत येत म्हणाल्या. "म्हणूनच अडचण आहे."

आपांच्या घराण्यात तीन पिढ्या तंबोरे बनत होते. भोपळा निवडणं, दांडी जोडणं, रंग देणं हे सगळं थोरला भाऊ बशीर बघे. जवारी मात्र आपांची. तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानशीने घासत घासत असा उतरवायचा की तार तिथे नुसती टेकत नाही, हलकेच घासून बोलते. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा आणि जिथे आवाज उमलतो तिथे थांबायचं. हे मोजमापाचं काम नव्हे, निव्वळ कानाचं आहे. दोन वर्षांपूर्वीच्या तापात आपांची श्रवणशक्ती पार गेली आणि त्यांची कानस गंजायला लागली. श्रुतिरोप बसवून घेतला तो शेजाऱ्यांच्या गप्पा ऐकायला नव्हे. गप्पांवाचून त्यांचं काही अडलं नव्हतं.

हळब्यांनी समजावून सांगितलं ते असं. श्रुतिरोप म्हणजे कानाच्या शंखात बसवलेली, दोनशे छप्पन्न प्रकाशठिपक्यांची एक बारीक तार. बाहेरचा आवाज यंत्र ऐकतं, त्याचे तुकडे करतं आणि प्रकाशाने श्रवणनाडी चेतवतं. पण सगळा आवाज जसाच्या तसा आत सोडला तर बोलणं पंख्यात आणि रहदारीत बुडून जाईल. म्हणून मध्ये एक गोंगाटगाळणी असते.

"बोलणं म्हणजे काय आणि गोंगाट म्हणजे काय, हे यंत्राला कसं कळतं?" हळबे म्हणाल्या. "सोपी युक्ती आहे. बोलणं सतत बदलतं. पंखा बदलत नाही. जो आवाज तीन सेकंदांहून जास्त वेळ एकसारखा राहिला, तो गोंगाट. काढून टाकायचा."

आपांनी तंबोऱ्यावर हात ठेवला. "म्हंजे तंबोऱ्यानं जे करायचं असतंय, तेच गुन्हा ठरवलंय म्हना की तुम्ही."

"मी नाही. पण हो, तसंच झालंय."

"मग त्या गाळणीला बूच मारा. माझ्यापुरतं."

"नाही करता येत. कानात जाणारी आज्ञावली सगळ्यांची एकच असते, तपासून मंजूर झालेली. एकेकाला वेगळी देऊन कुणाची नाडी भाजली तर?" हळब्यांनी खुर्ची जवळ ओढली. त्यांना पुढचं सांगणं जिवावर आलं होतं. "आणखी एक आहे, आपा. मेंदू नव्या आवाजाला साधारण नव्वद दिवसांत रुळतो. तोवर 'काहीतरी कमी आहे' हे त्याला कळत असतं. नंतर तो जे मिळतं तेच पूर्ण धरून चालतो. मग तुम्हाला जवारी ऐकू येणार नाही, आणि येत नाही हेसुद्धा कळणार नाही."

"म्हंजे एकोणऐंशी दिवस राहिले."

"एकोणऐंशी. पण ही आज्ञावली कुणा कंपनीच्या कुलपात नाही. मुक्तस्रोत आहे, कुणीही उघडून वाचावी, कुणीही दुरुस्ती सुचवावी. प्रकल्पाचं नाव 'कर्णफूल'. जगभरातल्या चाळीस लाख कानांत तीच चालते. तुम्ही स्वतःच का नाही सांगत त्यांना?"

"मी? मला तर टीव्हीचा रिमोट बशीरभाई लावून देतो."

"कर्णफुलाला असेच लोक हवे असतात," हळबे म्हणाल्या. आपांना वाटलं बाई आपली समजूत काढतायत. पण ते खरं होतं.

कर्णफुलात नव्या माणसाने आधी यायचं ते ओसरीवर. ओसरी म्हणजे पडद्यावरची एक बोलायची जागा. तिथे प्रत्येक भाषेचा एक कोपरा होता. मराठी कोपरा सांभाळत होते वेंगुर्ल्याचे विश्राम नाबर. वय एकसष्ट. बावीस वर्षं कानात श्रुतिरोप, आणि बावीस वर्षं गोंगाटगाळणीचे पालक. पालक म्हणजे एखाद्या भागात काय घ्यायचं आणि काय परत पाठवायचं हे ठरवणारा माणूस. नाबरांचं बोलणं दस्तऐवजासारखं होतं, तोलून मापून आणि कलमवार. आपांनी पहिल्याच दिवशी गाळणीची तक्रार मांडली, तर त्यांनी ती शांतपणे बाजूला ठेवली.

"गाळणीचं मागाहून बघू. आधी मला सांगा, आल्यापासून तुम्हाला ठेच कुठे कुठे लागली?"

"कसली ठेच?"

"जिथे कळलं नाही, अडलं, घाबरायला झालं, तिथे. आमच्याकडे रिवाज आहे. नव्या माणसाने पहिलं काम कुठलं करायचं, तर ज्या दगडाला ठेच लागली तो उचलायचा. आम्हाला तो दिसत नाही. आम्ही रोज त्याला वळसा घालून जातो आणि वळसा घालतो हेही विसरलेलो असतो."

मग त्यांनी कर्णफुलाची कलमं ऐकवली. कानात नवा आवाज आल्यापासून नव्वद दिवस माणूस नवा. नव्याचं म्हणणं तक्रार म्हणून मोजायचं नाही, ते ठेचवहीत लिहायचं, आणि ते कुणी हसण्यावारी न्यायचं नाही. नव्याने काहीही सुचवावं. पण मंजूर करणं किंवा मंजूर झालेलं मागे घेणं हे फक्त रुळलेल्या कानाच्या पालकाने करायचं, कारण नव्या कानाला सगळंच विचित्र लागतं. आणि मंजूर झालेल्या बदलावर एका दिवसात हजार तक्रारी आल्या, तर दुपारी बाराला तो बदल आपोआप मागे घेतला जाई. कोण नवा आणि कोण जुना हे माणसं ठरवत नसत. कानात जाणारा आवाज किती बदलला, यावरून यंत्रच ते मांडून ठेवी.

आपांनी आठवून आठवून सांगितलं, की पहिल्या दिवसापासून कानात सूंऽ असं काहीतरी चालू आहे. हे यंत्राचं की नशिबाचं, हे कळत नाही. मार्गदर्शिकेत त्याबद्दल अवाक्षर नाही.

पलीकडे नाबरांनी मार्गदर्शिका चाळून बघितली. "खरंच की हो. मलाही येत होता. नाडी जागी होताना येतो, महिन्याभरात जातो. बावीस वर्षांत कुणी लिहिलंच नाही! लिहा तुम्ही."

आपांनी दोन वाक्यं लिहिली: 'पहिले काही दिवस कानात सूं असा आवाज येतो. घाबरू नका, तो आपला आपण जातो.' नाबरांनी ती मंजूर केली, आणि दुसऱ्या दिवशी जगातल्या सगळ्या भाषांतल्या मार्गदर्शिकेत ती जाऊन बसली. योगदान देणाऱ्यांच्या यादीत चार हजार एकशे सतरावं नाव लागलं, शाहीन शिकलगार, मिरज. आपांनी ते पान भावाला दाखवलं. बशीरभाई आधी चष्मा पुसत राहिले, मग म्हणाले, "दोन ओळी लिहून नाव लागतंय व्हय? मग मी बी लिहितो की चार." पण त्या दिवशी त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते पान दाखवलं.

हुरूप आला आणि आपांनी गाळणीला हात घातला. आज्ञा प्रत्यक्ष लिहिण्याचं काम आता यंत्रं करत. काय लिहायचं ते नेमकं सांगणं, आणि लिहिलेलं बरोबर आहे हे कसोटीवर सिद्ध करणं, एवढं माणसाकडे उरलं होतं. आणि ते कमी नव्हतं. आपांनी यंत्राला सांगितलं, की एकसारखा आवाज काढूच नकोस. यंत्राने चुटकीसरशी लिहून दिलं. एकतिसाव्या दिवशी आपांनी प्रस्ताव पाठवला.

चाळीस मिनिटांत तो परत आला. खाली नाबरांची ओळ होती: 'बारा स्वयंसेवकांच्या कानांच्या यंत्रातल्या नकलांवर चाचणी घेतली. बाराही नकलांत पंखे, मिक्सर आणि रस्ता यांपलीकडे काहीच उमटलं नाही. या रूपात घेता येणार नाही. परत.'

आपांनी पडदा मिटला आणि नऊ दिवस उघडला नाही.

शिकलगारांच्या दुकानात परत आलेला तंबोरा ही साधी गोष्ट नव्हती. वडिलांच्या काळात असा एकच आला होता, धारवाडहून. वडील दोन दिवस जेवले नाहीत. त्यांनी तो तंबोरा फोडून चुलीत घातला आणि त्या गवयाशी पुन्हा कधी व्यवहार केला नाही. परत पाठवणं म्हणजे संबंध संपला, हे आपांनी लहानपणापासून पाहिलं होतं. बशीरभाईंनी एकदा विचारलं, "काय झालं गं त्या कर्णफुलाचं?" तर त्या म्हणाल्या, "परत आलं." भाऊ समजला, आणि त्यानेही पुन्हा विषय काढला नाही. नव्वदातले नऊ दिवस असे मानापमानात गेले.

चाळिसाव्या दिवशी नाबरांनी श्रवणशाळेतून नंबर मिळवून थेट फोन केला. "शिकलगारबाई, आजारी होतात का? मी रोज वाट बघतोय."

"कशाची वाट? परत पाठवलंत न्हवं तुम्ही?"

"हो. मग दुरुस्त करून पाठवा की."

"एकदा परत आलेलं पुन्हा पाठवायचं? लाज न्हाई व्हय आम्हाला?"

नाबरांना हे उलगडायला जरा वेळ लागला. उलगडल्यावर ते बावीस वर्षांत कर्णफुलात कुणी हसलं नसेल इतके हसले. "अहो बाई, परत पाठवलं म्हणजे वाचलं! ज्यात काही दम नाही ते आमच्याकडे पडून राहतं, परत येत नाही. माझं स्वतःचं पहिलं काम सदतीस वेळा परत आलं होतं. सदतीस. माझी बायको म्हणायची, टपालखात्यात नोकरी लागली का तुम्हाला."

आपांना राग यायचा तो आला नाही, हसू आलं. नऊ दिवस उगाच घालवल्याचं वाईटही वाटलं, आणि ते त्यांनी स्पष्ट बोलून दाखवलं. नाबर म्हणाले, "चूक आमचीही आहे. ठेचवहीत घाला." आपांनी घातली: 'परत म्हणजे नकार नव्हे, हे आधी सांगावं.'

"आता मला सांगा," नाबर म्हणाले, "पंखाही एकसारखा, तंबोराही एकसारखा. यंत्राने ओळखायचं कसं? तुम्ही कसं ओळखता?"

"पंख्यात गंधार येतोय व्हय?"

"म्हणजे?"

"बघा, तंबोऱ्याला चार तारा. एक पंचम, दोन जोडाच्या षड्जाच्या, एक खर्ज. गंधाराची तार न्हाईच. पन जवारी नीट बसली आन्‌ तारा जुळल्या, की खर्जातनं गंधार आपला आपण बोलतोय. कुणी लावलेला न्हाई. आम्ही त्याला स्वयंभू म्हणतो. माझे वडील म्हणायचे, गंधार आला की कानस खाली ठेवायची."

नाबर तोलून मापून बोलणारे खरे, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. "थांबा थांबा. खर्ज समजा सेकंदाला शंभर वेळा कंपतोय. तर त्याच तारेत दोनशेचं कंपन असतं, तीनशेचं, चारशेचं, पाचशेचं. सगळे पूर्ण पटीत. त्यातला पाचवा म्हणजे तुमचा गंधार! पंख्याच्या आवाजात ही शिस्त नाही, तिथे नुसती खिचडी आहे. मिक्सर, रस्ता, सगळी खिचडी. शिकलगारबाई, एकसारखा आहे की नाही हे बघायचंच नाही. पटीत आहे की नाही हे बघायचं. पटीत असेल तर ठेवायचा!"

"मी तेच म्हनत होते," आपा म्हणाल्या. त्या तसं काहीच म्हणत नव्हत्या, पण तो आनंद दोघांचा होता.

नियमाचं नाव पडलं गंधार-नियम. तो अकरा वेळा परत आला. प्रत्येक वेळी आपा फोन करून विचारत, "काय वाचलं?" आणि दुरुस्त करून धाडत. कसोट्यांसाठी त्यांनी दुकानातले सात तंबोरे वाजवून पाठवले. इतर पालकांनी पंखे, पाऊस, बाजार, विमानतळ असे त्रेचाळीस आवाज घातले. एकोणऐंशीव्या दिवशी नाबरांनी मंजुरीचा शिक्का उमटवला. चाळीस लाख कानांत तो उतरणार होता चौऱ्याऐंशीव्या दिवशी, सोमवारी, सकाळी नऊ वाजता. नव्वदाला सहा दिवस कमी. आपांना मात्र आता रोज भीती वाटत होती. तंबोऱ्याचा तो विझणारा आवाज मधूनमधून त्यांना ठीकच वाटायला लागला होता.

सोमवारी पावणेनऊलाच त्या दुकानात तंबोरा पुढ्यात घेऊन बसल्या. बशीरभाई समोर उकिडवे. नऊ वाजले. आपांनी खर्ज छेडला.

आवाज विझला नाही. तो राहिला, रुंदावला, पण वेडावाकडा, फाटका. तारेला सर्दी झाल्यासारखा.  कान रुळून गेला की काय? त्यांनी दुसरी तार छेडली, पुन्हा खर्ज, मग दोरा थोडा पुढे सरकवला, मागे सरकवला. मग हळूच मान वर केली.

"बशीरभाई, ही जवारी कुणी केली?"

"मीच केली की," भाऊ अभिमानाने म्हणाला. "दोन वर्षं मीच करतोय. तू आजारी होतीस न्हवं."

"किती तंबोरे गेले असे?"

"असतील तीस-पस्तीस."

"या अल्ला," आपा म्हणाल्या, आणि त्यांना इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. जवारी वाईट होती, आणि ती वाईट आहे हे त्यांना ऐकू येत होतं! दोन वर्षांत याहून गोड असं काही त्यांच्या कानावर पडलं नव्हतं. बशीरभाईंना आधी राग आला, मग बहिणीला हसताना बघून तेही हसायला लागले, मग दोघंही रडले. साडेदहाला आपांनी कानस शोधून हातात घेतली तेवढ्यात फोन वाजला.

पडद्यावर नाबर होते, आणि शेजारच्या चौकटीत श्रवणशाळेतून हळबे. नाबरांचा चेहरा उतरला होता.

"शिकलगारबाई, वाईट बातमी आहे. दीड तासात अकरा हजार नोंदी आल्या. हजारावर गेलं की बारा वाजता आपोआप माघार. मी पालक म्हणून 'माघार नको' असं लिहू शकतो, पण अकरा हजार माणसांच्या विरोधात कसं लिहू?"

आपांच्या हातातली कानस तशीच राहिली. सकाळचा आनंद तीन तासांचा ठरणार होता, आणि नंतर दुसरी संधी नव्हती. "काय म्हनतायत लोक? वाचा तरी."

नाबर वाचू लागले. "'शीतकपाट गातंय. बिघडलंय का?' ...हे शीतकपाटाचे तीन हजार आहेत. विजेचं कंपन सेकंदाला पन्नास, त्याच्या पटीत शंभर, दीडशे. पूर्ण पटीत! आपल्या नियमात बसतं, आणि आपल्याला एकालाही सुचलं नाही. 'परसातल्या पेटीत मधमाश्या आहेत, त्या एकाच सुरात आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं का?' 'बंदरावर जहाजाचा भोंगा पूर्ण ऐकला, शेवटपर्यंत.' 'देवळातला शंख मध्येच तुटत नाही आता.' 'डास! चाळीस वर्षांनी डास!'"

"यात तक्रार कुठली?" आपा म्हणाल्या. "तो डासवाला तर खूश दिसतोय."

हळबे तोवर काहीतरी मोजत होत्या. "नाबरसाहेब, कसोट्या कुणी लिहिल्या होत्या?"

"पालकांनी."

"म्हणजे सगळे रुळलेले कान. शीतकपाट गातं हे त्यांच्या मेंदूने कधीच सोडून दिलं होतं. त्यांना सुचणार कसं? आता मला सांगा, बावीस वर्षांत गाळणीला कुणी हात लावला होता?"

"किरकोळ. कानाला कळेल असा कधीच नाही."

"आणि आज?"

"आज तर..." नाबर थांबले. त्यांनी पडद्यावर दुसरीकडे बघितलं, काहीतरी उघडलं, आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "आज सकाळी नऊपासून चाळीस लाख कानांत नवा आवाज आहे."

"म्हणजे यंत्राच्या हिशेबी?"

"म्हणजे यंत्राच्या हिशेबी आम्ही सगळे पहिल्या दिवसावर आहोत." त्यांनी सावकाश वाचलं. "नवे: चाळीस लाख. जुने: शून्य. ठेचवहीतल्या नोंदी: अकरा हजार दोनशे सहा. तक्रारी..."

"किती?" आपांनी विचारलं.

"शून्य. नव्याचं म्हणणं तक्रार म्हणून मोजायचं नाही, हे कलम आहे. माघार होतच नाही." मग त्यांच्या कपाळावर पुन्हा आठी चढली, कलमं जाणणाऱ्या माणसाला कलमं सुखाने बसू देत नाहीत. "पण रुळलेल्या कानाचा एकही पालक जगात उरला नाही. पुढचे नव्वद दिवस कुणी काही मंजूर करू शकत नाही, कुणी काही मागे घेऊ शकत नाही. कर्णफुलात आत्ता एकही जाणता माणूस नाही. सगळे ओसरीवर!"

"आणि माझे सहा दिवस?" आपांनी हळूच विचारलं.

"कसले सहा?" हळबे म्हणाल्या. "तुमचेही नव्वदच, आपा. आवाज बदलला की मेंदू पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो. आणि या खेपेला तो रुळेल तो जवारी धरूनच."

आपा पुन्हा तंबोऱ्यापुढे बसल्या. ज्या तारखेच्या धास्तीने अडीच महिने झोप नीट लागली नव्हती, ती तारीख त्यांच्याच कामाने पुसली गेली होती. हे त्यांच्या मनात आलं नव्हतं, आणि कुणाच्याच आलं नव्हतं.

"एक पळवाट आहे," नाबर म्हणाले. हे सांगायलाच हवं, असा तो माणूस होता. "पालकाला तपासणीसाठी मागची आवृत्ती आपल्या कानात लावायची मुभा असते. मी ती आत्ता लावली, तर मी पुन्हा जुना होईन. जगात एकटा जुना. मग मला गंधार-नियम मागे घेता येईल. अकरा हजार माणसं चाचपडतायत, तेव्हा पालक म्हणून ते करणं माझं कर्तव्य आहे की काय, याचा विचार करायला हवा."

 पडद्यावर नाबरांचा हात पुढे झालेला दिसला. कळ समोरच असावी. आपांनी एकदा पुढ्यातल्या तंबोऱ्याकडे बघितलं आणि तोंड मिटून ठेवलं. त्या नव्या होत्या. सुचवणं त्यांचं, ठरवणं त्यांचं नव्हतं.

हात मध्येच थांबला.

"नाबरसाहेब?" हळबे म्हणाल्या. "लावताय का?"

"नाही."

"का?"

"मांडीवर मांजर आहे," नाबर म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की हळब्यांनी ध्वनी वाढवला. "अकरा वर्षं आहे आमच्याकडे. मला वाटायचं मुकं आहे. बायको म्हणायची गुरगुरतं, मी म्हणायचो तुझे भास. सकाळपासून याच्या पोटात काहीतरी चाललंय, थांबतच नाही. डॉक्टर, हे... हे आधीपासून असं करत होतं?"

"अकरा वर्षं," हळबे म्हणाल्या.

नाबर बराच वेळ मांजराच्या पाठीवरून हात फिरवत बसले. मग त्यांनी ओसरीवर चाळीस लाखांच्या नावे एक ओळ लिहिली, की आजपासून नव्वद दिवस कर्णफुलात नवीन काही मंजूर होणार नाही, प्रत्येकाने फक्त ठेचा लिहाव्यात, आणि पहिली ठेच त्यांची स्वतःची आहे. ती लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "शिकलगारबाई, तुम्हाला वेळ आहे का? मी हा आवाज माझ्या श्रुतिरोपातून थेट तुमच्याकडे जोडून देतो. जाणत्या माणसाने एकदा ऐकावं असं वाटतं."

आपांनी कानस खाली ठेवली, डोळे मिटले आणि ऐकलं. वेंगुर्ल्याच्या मांजराची गुरगुर मिरजेच्या दुकानात, त्यांच्या एकट्यांच्या कानात, खर्जापासून वरपर्यंत पटीपटीने उमलत गेली. बशीरभाई तोंडाकडे बघत होते. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

"काय म्हणता?" नाबरांनी काळजीने विचारलं. "ठीक आहे ना सगळं?"

"खर्ज थोडा उतरलाय," आपा म्हणाल्या, "पन जवारी उत्तम हाय. आमच्या बशीरभाईला हात लावू देऊ नका."